सेलवालं घुंगरू

ते वाजतं तेव्हा टीं टीं असा आवाज येतो. पोरांच्या खेळण्यातली मोटार मागे सरकताना करते तसा. साबणाच्या वडीएवढी काळी डबी, पोटात दोन सेल, डोक्यावर तांबडा दिवा. भिका काठावर लोखंडी सळई रोवतो, सळईवर डबी बसवतो आणि डबीच्या खाचेतून गळाची दोरी पाण्यात सोडतो. मासा ओढू लागला की डबी कोकलायला लागते. सुरतेच्या बाजारातून त्याने अशा तीन आणल्या आहेत.

"घुंगरू लावी देतू, मंग निवांत बठू मावशी," तो म्हणाला, तेव्हा मी इकडेतिकडे पाहिलं. पितळ कुठे दिसेना.

"घुंगरू कुठंय?"

"हाई काय!" त्याने डबीवर टिचकी मारली. "सेलवालं घुंगरू."

भिका माझ्या बालमैत्रिणीचा, जमनेचा मुलगा. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. काठीला बांधलेलं पितळेचं घुंगरू त्याने लहानपणी पाहिलं असेल तेवढंच. पण नाव त्याच्याकडे आलं ते आलं. डोक्याला पट्ट्याने बांधायचा दिवा आहे त्याच्याकडे, त्याला तो टेंभा म्हणतो. त्यात तेल नाही, चिंधी नाही, धूर नाही. मासळी तोलायचा एक आकडा आहे, त्यावर इवल्याशा काचेत अंक उमटतात. ती तागडी. तिला पारडी नाहीत. मी हसले तर भिकाही हसला. "मंग काय म्हनानं त्याले?" तो म्हणाला. खरंच, काय म्हणायचं?

मी हसले खरी, पण घुंगरू हा शब्द या काठावर ऐकायची माझी तयारी नव्हती. शहाद्याहून एसटीने निघाले तेव्हा एकच गोष्ट मनाशी घोकत होते, आणि ती गोष्ट घुंगरांचीच होती. जमनेचे वडील, झिपरू आबा, गेल्या हिवाळ्यात गेले. मी दहाव्यालाही आले नाही. शहादा ते आमचं गाव, बसने असं कितीसं अंतर? तरी आले नाही. आता चैत्रात आले, ते जमनेला एक सांगायला. ऐकून ती मला उठून जा म्हणाली असती, तर तेही चाललं असतं. निदान घरून निघताना तरी मला तसं वाटत होतं.

जमना झोपडीच्या दारात आली आणि तिने कपाळावर हात धरून मला न्याहाळलं.

"कव्हय उनी व? आन् उभी काय शे, बठ ना. चहा पेशी का आम्हना घरना? का गुजरनीले आजून भांडाना वास येस?"

"येतो," मी म्हटलं. "तरी पिते."

"मंग दोन कप पे," ती म्हणाली, आणि आत गेली.

नदी आता भरलेली असते. खाली बंधारा झाला तेव्हापासून ती चालत नाही, थांबून राहते. पाणी हिरवट, जड, काठाला शेवाळाचा वास. माझ्या लहानपणी चैत्रातली तापी अशी नव्हती. पलीकडच्या दरडीखाली एक निळी धार, एक खोल डोह, आणि अलीकडे सगळी वाळू. अर्धा कोस वाळू. दुपारी तिच्यावर पाय ठेवता येत नसे, आणि संध्याकाळी तीच वाळू मऊ, थंड होऊन पायाच्या बोटांमध्ये शिरायची. त्या वाळूत भोई लोकांचे डांगरमळे, म्हणजे कलिंगडांचे मळे, असत. वाळूत चर खणायचे, तळाशी शेणखत घालायचं, आणि मडक्याने पाणी घालून वेल वाढवायचे. पळसाच्या पानांच्या सावल्या करायच्या. होळीच्या सुमाराला वेलाखाली हिरवी काळी डांगरं लोळू लागत. डांगर फोडलं की आधी एक गार वास यायचा, ओल्या मातीचा आणि साखरेचा मिळून. तो वास पुन्हा मला कुठल्याही बाजारात मिळाला नाही. आता त्या मळ्यांवर दोन पुरुष पाणी आहे.

झिपरू आबांचा मळा डोहाच्या तोंडाशी होता. उन्हाळाभर ते, त्यांची बायको आणि जमना वाळूतच राहत. तुरखाट्यांची, म्हणजे तुरीच्या काड्यांची झोपडी, बाहेर तीन दगडांची चूल, बाजूला रांजण. माझे वडील गुजर शेतकरी, कापूस आणि थोडी केळी. आमच्या घरात मासळीचं नावही घेत नसत. आई तर नदीवरून येताना भोई समोर आला तर पदर नाकाला लावायची. पण मला डांगर खायला मळ्यात जायची मुभा होती. अट एकच, चुलीजवळ जायचं नाही.

आबा दिवसा डांगरांची राखण करत आणि संध्याकाळी डोहात गळ टाकत. चार-पाच बांबूच्या काठ्या काठावर ओळीने रोवलेल्या, प्रत्येकीच्या शेंड्याला एक पितळी घुंगरू. घुंगरं आमच्याच घरची. एका पोळ्याला वडिलांनी बैलांना नव्या घुंगरमाळा केल्या आणि जुनी झिजलेली माळ आबांना दिली. आबा झोपडीसमोर पडून राहत. घुंगरू वाजलं की डोळे न उघडता सांगत, तिसरी काठी. मग पुन्हा एकदा ऐकून, कासव शे, जाऊ दे. त्यांचे कान म्हणजे त्या वाळूतली करमणूक होती. वरच्या रस्त्याने गाडी गेली की जमना विचारायची, "कोनं गाडं, बा?" आणि ते सांगायचे. बैलाच्या गळ्यातल्या आवाजावरून गाडीवाला, आणि गाडीच्या कुरकुरण्यावरून गाडीवाल्याने वंगण घातलंय की नाही हेसुद्धा. "धाकला पाटील शे. बायकोनं आज जेवाले दिधं नही, बैल हानी ऱ्हायना." आम्ही पोरी हसून वाळूत लोळायचो.

त्या वर्षी मी दहाएक वर्षांची असेन. एका संध्याकाळी दुसऱ्या काठीचं घुंगरू वाजलं, आबा उठले, आणि मीही त्यांच्यामागे काठापर्यंत गेले. एरवी जात नसे. त्यांनी दोरी ओढली. शिंगाळा निघाला, मिशांचा, पिवळसर पोटाचा. वाळूत टाकल्यावर तो आवाज करू लागला. किर्र, किर्र. ओल्या दाराच्या बिजागरीसारखा. मासा ओरडतो हे मला ठाऊक नव्हतं.

"बोली ऱ्हायना ना?" आबा म्हणाले. "शिंगाळा बोलस. बाकीना मुकाट जातस."

"कोनले बोली ऱ्हायना, आबा?"

"घरनासले सांगी ऱ्हायना. वाट दखू नका म्हने."

ते गंमतीनेच म्हणाले. पण मी त्या रात्री जेवले नाही. आईने पोटात दुखतंय का विचारलं, मी हो म्हटलं. अंथरुणात पडून मी एवढाच विचार केला की मासा पाण्यात होता तोवर कुणाला काही ठाऊक नव्हतं. चहाडी केली ती घुंगराने. घुंगरू आमच्या घरचं. त्याने तोंड उघडलं नसतं तर मासा घरी गेला असता.

दहा वर्षांच्या पोरीचा हिशोब. गळ माशाच्या घशात रुतलेला असतो, तो घुंगराच्या गप्प राहण्याने सुटत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मासळी न खाणाऱ्या घरातच असली दया उगवू शकते.

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात, भाव येईपर्यंत घरात साठवलेल्या कापसाची गाडी उभी होती. बोंडांच्या ढिगात हात घातला की आत ऊब लागायची आणि बोटांना सरकीचा तेलकट वास चिकटायचा. मी ओंजळभर कापूस परकराच्या ओच्यात घेतला. दिवस मावळताना मळ्यात गेले. जमना आणि तिची आई डांगरांच्या गाडीबरोबर नंदुरबारच्या बाजाराला गेल्या होत्या. आबा पलीकडे वेलांना पाणी घालत होते. मी एकेका काठीचा शेंडा वाकवला आणि प्रत्येक घुंगराच्या चिरेतून, काडीने ढकलत, कापूस ठासून भरला. आतला खडा हलायचा थांबेपर्यंत. मग काठी सोडून पाहिली. वाऱ्यावर ती डुलली आणि काहीच झालं नाही. मला इतका आनंद झाला की मी घरापर्यंत पळत गेले.

ते दिवस वैशाखस्नानाचे. पहाटे बायका तापीवर जात, दुसऱ्या पहाटे मीही आईबरोबर गेले. ओले केस, पहाटेचा गार वारा, नदीवर पांढुरका उजेड. आई ओला पदर पिळत होती, तेवढ्यात मी मळ्याकडे धावले. मला बघायचं होतं, मासे घरी गेले का.

आबा काठावर बसले होते. समोर वाळूत एक मोठा शिंगाळा पडला होता, मेलेला. गळ अजून तोंडात. पोटाकडून कासवांनी कुरतडलेला. रात्रभर तो त्या दोरीला होता. मी त्याला सोडवलं नव्हतं. मी फक्त त्याची हाक बंद केली होती.

आबांनी माशाकडे बघून तोंड वाकडं केलं आणि हातातली काठी कानाजवळ धरून हलवली. पुन्हा हलवली. मग मला पाहून त्यांना बरं वाटलं, तेही मला दिसलं. त्यांनी काठी माझ्यापुढे हलवली.

"वाजी ऱ्हायनं का व, माय?"

मी तेव्हा खरं बोलले असते तर काय झालं असतं? फार तर ते रागावले असते. आईपर्यंत गेलं असतं, दोन धपाटे मिळाले असते. मी मेलेल्या माशाकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या काठीकडे पाहिलं, आणि म्हटलं,

"हा आबा. वाजी ऱ्हायनं."

त्यांनी ती काठी खाली ठेवली. मग दुसरी काठी घेतली, हलवली, खाली ठेवली. तिसरी घेतली नाही.

"तू म्हनस तं वाजत व्हई," ते म्हणाले. "माले ऐकू येत नही."

माझा आवाज त्यांना ऐकू येत होता. नदी येत होती. फक्त घुंगरू येत नव्हतं. शेजारच्या मळ्यातल्या एका म्हाताऱ्याने त्यांना समजावलं, बारीक आवाज पह्यले जास, मंग जाडा जास. ते त्यांना पटलं. त्याच दिवशी त्यांनी सगळी घुंगरं सोडली, तुपाच्या रिकाम्या डब्यात घालून डबा झोपडीच्या आढ्याला टांगला. दुसऱ्या कुणाला त्यांनी विचारलं नाही. बायको परत आली तिला एवढंच सांगितलं की कानाचं तसं झालंय, आणि ती त्या दिवसापासून त्यांच्याशी मोठ्याने बोलू लागली.

एखाद्याला बहिरं समजून सगळे वागू लागले की तो ऐकायचं सोडतो, हे मी पाहिलं. वरच्या रस्त्याने गाडी जायची, जमना सवयीने विचारायची, "कोनं गाडं, बा?" आणि ते हात हलवायचे. ठाऊक नाही. पलीकडच्या दरडीवर टिटवी ओरडायची आणि ते आमच्या तोंडाकडे बघायचे, आम्ही वर बघतोय का म्हणून. जाडा आवाज कधी जातो याची वाट बघणारा माणूस. ती वाट त्यांना मी दिली होती. आणि मी डांगराची फोड खात तिथेच बसलेली असायची.

मग ते गळाची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून झोपू लागले. ऐकू येत नसलं तरी ओढ तर कळते. दोरी रुतून अंगठ्याभोवती पांढरं कडं पडलं. "बाप्याले जोडवं!" असं म्हणून ते पाय पुढे करून दाखवत. जमनेची आई म्हणे, "आते नथनी बी घाला." सगळे हसत. मीही हसायची. पुढे एका पावसाळ्यात मोठ्या माशाने हिसका दिला, दोरी हाडापर्यंत गेली, जखम चिघळली, आणि अंगठ्याचं पेर काढावं लागलं. तेव्हापासून ते वाळूत चालले की एका पायाचा ठसा वेगळा उमटायचा. मी तो ओळखायची. त्यावर पाय पडू नये म्हणून बाजूने चालायची.

त्यानंतर मी नंदुरबारला शिकायला गेले, जमनेचं लग्न झालं, माझं झालं. जमनेचा नवरा इथेच येऊन राहिला. मी माहेरी आले की आबा डांगर घेऊन आमच्या अंगणात येत. नदीकडे जायचं मी टाळत असे. ते ओट्याच्या पायरीवर बसायचे, पाय लांब करायचे, हात कानामागे धरायचे आणि मला विचारायचे,

"वाजी ऱ्हायनं का व, माय?"

पूर्वी असं विचारत नसत. माझ्या मनात आलं, आता खरंच कान गेले, जुनंच काहीतरी घोळतंय डोक्यात. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची, "हा आबा, वाजी ऱ्हायनं!" ते मान डोलवायचे. हसायचे. डांगर फोडून पहिली फोड मला द्यायचे. दर खेपेला असंच.

चहा आला. खरंच वास होता भांड्याला. मी घोट घेतला आणि म्हटलं, "जमना, तुला एक सांगायचंय."

"सांग ना."

तेवढ्यात वाळू भरलेली एक नाव इंजिन फडफडवत काठाजवळून गेली. पाणी हेलकावलं आणि तिन्ही डब्या एकदम कोकलू लागल्या. भिका आपल्या होडीकडे निघाला होता, तिथूनच ओरडला.

"माय, कापूस घाल ना त्यासले! डोकं उठनं!"

जमना गुडघ्यावर हात टेकत उठली, एकेका डबीच्या कुशीतलं बटण दाबून आली. काठ शांत झाला. तांबडे दिवे मात्र लुकलुकत होते.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"कोन? कापूस? आवाज बंद करानं बटन शे ते. आम्हनाकडे त्याले कापूसच म्हनतस. कापूस घाल, कापूस काढ."

"कुणी ठेवलं हे नाव?"

"बानी," ती म्हणाली, आणि चहाची कपबशी खाली ठेवली. "मन्हा लगीनना टाईमले बानी डबा उतारा. वऱ्हाडना बैलसले घुंगरं बांधाले. एक बी वाजेना. बानी बाभूयना काटा घालीसन कोरं, तं आत कापूस." ती माझ्याकडे बघत नव्हती, पाण्याकडे बघत होती. "आम्हना घर कापूस कोठला व?"

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला नाही. तो हातातच राहिला.

"मी घातला होता," मी म्हटलं. "आणि ते वाजतंय म्हणून मीच सांगितलं."

"माहीत शे."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून. मी तं त्याच दिन तुन्हा दारवर येनार व्हतू. अंगठा गया व्हता ना बाना. हात धरीसन बठाडी ठेवं माले बानी. म्हने, ऱ्हाऊ दे, पोर शे. म्हने, मी तिले ईचारत ऱ्हासू, सांगी ती एक दिन. जव्हय तू माहेर येस, तव्हय डांगर लिसन जाये. उना का मी ईचारू, सांगं का बा तिनी? म्हने, नही, आजून वाजीच ऱ्हायनं."

आबांचे कान शेवटपर्यंत चांगले होते. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन किती ओरडले होते! आणि ते हसत होते, मान डोलवत होते, पहिली फोड मला देत होते.

जमना माझ्यावर ओरडली नाही. माझा हातही तिने धरला नाही. ती म्हणाली, "चहा थंडा व्हई गया," आणि कप घेऊन आत गेली. आतून स्टोव्हचा आवाज येऊ लागला. ती दुसरा चहा ठेवत होती, एवढं कळलं.

मी काठावर एकटी बसले. ऊन उतरलं होतं. वाळू नव्हती, डांगराचा वास नव्हता, वरच्या रस्त्याने गाड्या नव्हत्या. माझ्यासमोर तीन सळया, तीन काळ्या डब्या. मधल्या डबीचा दिवा लुकलुकायला लागला. मला वाटलं, पाण्याचा हेलकावा असेल. पण पाणी आता निवलं होतं, आणि दोरी ताठ झाली होती. दोरी एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे. दिवा लागत होता, विझत होता. आवाज नव्हता.

लांब होडीत भिका उभा राहिला. त्याला दिवा दिसत नसणार, उन्हाची तिरीप त्याच्या डोळ्यांवर होती. कापूस एव्हाना काढला असेल असं धरून त्याने तोंडाशी हात धरले.

"मावशी! घुंगरू वाजी ऱ्हायनं का?"

मी उठले. दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि ओरडून सांगितलं,

"नही रे भिका! वाजी नही ऱ्हायनं! कापूस शे त्यामा!"